सुलमोना, काम्पोजोवे, पालेना : नाशिकचे चार दिवस

शुक्रवार

आमच्या घरात लपाछपीचं राज्य ठरवायला ‘अडम तडम तडतड बाजा’ कुणी म्हणत नसे. आमची मोजणी वेगळी होती. सुलमोना, काम्पोजोवे, मग एक टाळी, पालेना, तारांता, कासोली. कासोली ज्याच्यावर येईल तो सुटला. आईनं ती आम्हाला शिकवली, आईला आणि मामाला आजोबांनी. आजोबांना कुणी शिकवली, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला कधी पडला नाही. लहानपणीच्या मोजण्यांना अर्थ नसतोच, तसाच हिलाही नसणार असं धरून चाललो.

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. सिन्नरजवळच्या गावातल्या घराची कौलं उतरवायची आहेत, माळ्यावर बाबांची फौजेतली पेटी आहे, किल्ली सापडत नाही, कुलूप तोडायचंय. “तुझी आई असती तर तिला बोलावलं असतं. आता तू ये.” एवढं ऐकल्यावर न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

ठाण्याहून दुपारची गाडी पकडली. कसाऱ्याला मागून इंजिनं लागली आणि थळघाट सुरू झाला. डिसेंबरातलं ऊन, सुकत चाललेलं गवत. घाट चढून इगतपुरीला आलं की हवेला एकदम धार येते. घोटीच्या पुढे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना डोंगर, आणि दक्षिणेकडे कळसूबाईची रांग. लहानपणी या टप्प्यावर आई खिडकीशी सरकायची आणि हात जोडायची. मीही जोडले.

नाशिकरोडच्या आधी देवळाली. आम्ही नेहमी इथेच उतरतो. आजोबाही इथेच उतरले होते, 1944 च्या उन्हाळ्यात. आजी सांगायची, अडीच वर्षांत एक पत्र आलं होतं, तेही छापील मजकुराचं, खाली नुसता अंगठ्याएवढा सहीचा फराटा. गावानं त्यांना मेल्यात जमा केलं होतं. लग्न ठरलेलं होतं, ते आजीच्या वडिलांनी मोडलं नाही, एवढंच.

मामा मफलर गुंडाळून फलाटावर उभे होते. चंपाषष्ठी दोन दिवसांवर आलेली. खंडोबाच्या टेकडीवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, गाडीतूनच दिसल्या. मामी म्हणाली, आधी वर जाऊन या, मग जेवा. टेकडीवर भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्या झालेल्या. इथून खाली कॅम्पचे दिवे दिसतात, सरळ रेषेत, फौजी शिस्तीचे. उतरताना मामा म्हणाले, “बाबा स्टेशनावरनं घरी नाही गेले. आधी इथं आले. बूट हातात घेऊन चढले.”

शनिवार

सकाळी मिसळ खाऊन मामा आणि मी कॅम्पात फिरायला निघालो. देवळाली कॅम्प मला फार आवडतो. लॅम रोडची झाडं, जुने बंगले, पारशी आणि गुजराती आरोग्यधामं, मधूनच घोड्यांच्या टापा. पण या वेळी डोक्यात दुसरंच होतं, त्यामुळे त्याच रस्त्यांकडे मी वेगळ्या नजरेनं बघत होते.

ही छावणी 1861 ची. मायदेशी परतणारे गोरे शिपाई मुंबईला बोट लागेपर्यंत इथे ठेवत. बोटी हिवाळ्यात सुटायच्या. ज्यांची मुदत उन्हाळ्यात संपली त्यांना महिनेन्‌महिने इथेच बसून काढावे लागत. काम नाही, कवायत नाही, ऊन आणि हिवताप. माणसं भ्रमिष्ट व्हायची. इंग्रजीत वेड्यासाठी ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला तो आपल्या देवळालीवरून, आणि त्याला जोडून ‘टॅप’ म्हणत तो आपला ताप. कैद नव्हती ती, तरी वाट बघणंही माणसाला आतून कसं पोखरतं ते त्या एका शब्दात राहिलंय.

दुसऱ्या महायुद्धात खरे कैदीही आले. युद्ध सुरू होताच हिंदुस्थानातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना ब्रिटिशांनी उचललं आणि अहमदनगरला कोंडलं. 1941 मध्ये काही महिने त्यांचा तळ देवळालीला होता, मग त्यांना देहरादूनला नेलं. नगरच्या बराकींत सुरुवातीला हिटलरचे कडवे समर्थक आणि हिटलरपासून जीव वाचवून पळालेले ज्यू डॉक्टर एकाच तारेच्या कुंपणात होते, कारण दोघांचे पासपोर्ट जर्मन. देहरादूनच्या कॅम्पातून 29 एप्रिल 1944 ला सातजण निसटले, त्यातला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर तिबेटला पोचला हे पुष्कळांना माहीत असतं. मला मात्र त्या ज्यू डॉक्टरांचा विचार सुटत नाही. ज्याच्यापासून पळून आलो तोच रात्री शेजारच्या खाटेवर.

मामांचे एक स्नेही तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते रेस्ट कॅम्प रोडला भेटले. चहाच्या टपरीवर बसल्यावर मी आजोबांचं काढलं. ते लिबियातल्या टोब्रुकला पकडले गेले म्हणताच सुभेदार ताठ बसले. “ताई, आमचं स्कूल ऑफ आर्टिलरी 41 साली इथं देवळालीला आलं. त्याच्या आधी काकूलला होतं. काकूल आता पाकिस्तानात. तिथं त्यांची मिलिटरी अकादमी आहे.” मग त्यांनी जनरल कुमारमंगलम यांची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलला.

कुमारमंगलम तोफखान्याचे अधिकारी. 1942 मध्ये लिबियाच्या वाळवंटात बीर हकीमच्या बाजूला जर्मन सेनापती रोमेलच्या रणगाड्यांसमोर तोफा शेवटपर्यंत चालवल्या, डीएसओ हा लष्करी सन्मान मिळवला आणि पकडले गेले. त्याच उन्हाळ्यात याह्या खान पकडले गेले, साहबजादा याकूब खान पकडले गेले. सगळे इटलीत कैदेत. सगळ्यांनी पळायचे प्रयत्न केले. याह्या खान तिसऱ्या प्रयत्नात सुटले. कुमारमंगलम पुन्हा सापडले आणि जर्मनीत स्टालाग लुफ्ट 3 या युद्धकैद्यांच्या कॅम्पात गेले. जून 1966 मध्ये कुमारमंगलम भारताचे लष्करप्रमुख झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात याह्या खान पाकिस्तानचे सेनापती झाले. एकाच देशाच्या फौजेतून एकाच शत्रूच्या कैदेत गेलेली माणसं पुढे समोरासमोरच्या दोन फौजांच्या शिरावर.

मामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “71 च्या डिसेंबरात रेडिओवर याह्या खानाचं नाव आलं तेव्हा बाबा म्हणाले, हा आमच्यासारखाच इटलीत कैदी व्हता. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. त्या रात्री बाबांनी पहिल्यांदा आणि शेवटचं सगळं सांगितलं.”

“सगळं म्हणजे?”

“उद्या सांगतो. गावात. ओसरीवर.”

मला घाई होती, पण मामांचा स्वभाव माहीत होता. दुपार मोकळी होती म्हणून पांडवलेणीला गेले, एकटीच. पायऱ्या चढताना धाप लागली.

तिसऱ्या आणि दहाव्या लेण्यासाठी मी मुद्दाम गेले होते. दहावं लेणं क्षहरात घराण्याचा राजा नहपान याचा जावई उषवदात यानं कोरवलं. त्याच्या लेखात एक हकीकत आहे. मालय नावाच्या टोळीनं उत्तमभद्र टोळीच्या प्रमुखाला पावसाळाभर वेढा घालून कोंडून ठेवलं होतं. राजाच्या आज्ञेनं उषवदात त्याला सोडवायला गेला. मालय नुसत्या गर्जनेनंच पळाले आणि उत्तमभद्रांच्या हाती कैदी झाले. नंतर उषवदातानं पुष्करला जाऊन स्नान केलं आणि तीन हजार गाई आणि एक गाव दान दिलं. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या एका डोंगरात भिख्खूंच्या निवासाच्या भिंतीवर कैद आणि सुटका कोरलेली आहे.

आणि तिसरं लेणं सातवाहन घराण्याच्या गौतमी बलश्रीचं. तिच्या मुलानं, गौतमीपुत्र सातकर्णीनं, याच क्षहरातांचा वंश निखळून टाकला असं ती अभिमानानं लिहिते. पण लेणं बांधताना खांबांचा आणि विहाराचा आराखडा घेतला तो दहाव्या लेण्याचाच, शत्रूच्या लेण्याचा. दोन्ही घराण्यांची दानं एकाच संघाला. दोन लेण्यांमधलं अंतर चालायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मी तीन वेळा चालले. पहारेकऱ्यानं बंद व्हायची वेळ झाली म्हणून सांगितलं तेव्हा उतरले.

रविवार

चंपाषष्ठी. मामीनं पहाटे उठून वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे केले, देवाला नैवेद्य दाखवला, डबा बांधून दिला. मामाची नात सई, वय वर्षं आठ, गाडीत माझ्या मांडीवर. शिंदे, पळसे ओलांडून सिन्नरकडे. वाटेत एका कांद्याच्या वावरात मेंढ्या बसवलेल्या, धनगरांचा वाडा पडलेला. घोड्यावर संसार, कुत्री, कोंबड्यांची डालगी. खताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. पावसाळा संपला की हे लोक देशावरून हलतात, उन्हाळा उतरला की परत फिरतात. वाटा ठरलेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या.

घराची अर्धी कौलं उतरली होती. ओसरीवर ऊन पडलं होतं, तिथे घोंगडी टाकली. पेटी खाली आणलेली. काळा रंग, पांढऱ्या अक्षरांत नंबर, नाव पुसट. पण मामांनी आधी गोष्ट सांगितली. मी ती त्यांच्या शब्दांत मांडायचा प्रयत्न करते, आणि जिथे मला पुस्तकांतून कळलेलं आहे तिथे ते जोडते.

आजोबा पाचव्या मराठा पलटणीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन अकराव्या इंडियन ब्रिगेडमध्ये टोब्रुकला होती. 21 जून 1942 ला टोब्रुक पडलं, तीस हजारांवर माणसं एका दिवसात कैदी झाली. त्यांना बोटीत भरून इटलीला नेलं. आजोबांच्या वाट्याला आव्हेझ्झानोचा कॅम्प आला, रोमच्या पूर्वेला आब्रुत्सोच्या डोंगरात. हिंदी कैद्यांचा कॅम्प तो.

भूक हा तिथला सगळ्यात मोठा शत्रू. रेडक्रॉसचं खोकं आलं तर चार दिवस बरे जायचे. एकदा आजोबांनी कुंपणालगतच्या शेतातून हात घालून एक सलगम उपटलं. पहाऱ्यावरच्या इटालियन शिपायानं बंदुकीचा दस्ता कपाळावर मारला. डाव्या भुवईवरची ती खोक मला आठवते. मी सात वर्षांची असताना आजोबा गेले, पण ती खाचेत बोट बसेल एवढी खोक मी बोटानं चाचपलेली आहे. ते हसायचे आणि म्हणायचे, “मुळा खाल्ला त्याची पावती.”

8 सप्टेंबर 1943 च्या संध्याकाळी इटलीचे पंतप्रधान बादोल्यो यांनी रेडिओवरून दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी जाहीर केली. इटलीत तेव्हा दोस्तांचे सुमारे 80 हजार कैदी होते. लंडनहून कॅम्पांना गुप्त हुकूम आलेला होता, की कुठेही हलू नका, आपली फौज येईपर्यंत थांबा. हा हुकूम पाळला त्यांचं फार वाईट झालं, कारण दोस्तांच्या आधी जर्मन आले. पुष्कळ ठिकाणी पहारेकरीच दारं उघडी टाकून घरी गेले आणि हजारो कैदी डोंगरांत पांगले. आजोबाही पांगले. गोऱ्या कैद्याला शेतकऱ्याचे कपडे घालून शेतकरी होता यायचं. आजोबांच्या रंगाच्या माणसाला ते शक्य नव्हतं. तो कुठेही उभा राहिला तरी लांबून ओळखू येणार. जर्मनांनी एका कैद्यामागे 1800 लिरा बक्षीस लावलं होतं, आणि थारा देणाऱ्याला मरणाची धमकी. तरी धनगरांनी त्यांना थारा दिला. आब्रुत्सोतले धनगरही तेव्हा शरदात कळप घेऊन दक्षिणेला पुलियाच्या मैदानात उतरत, उन्हाळ्यात परत डोंगरावर येत, ठरलेल्या वाटांनी. मामा म्हणाले, “बाबा म्हणायचे, तिथली मेंढरं आन्‌ हितली मेंढरं सारखीच वरडत्यात. रात्री डोळे मिटले की वाटायचं आपल्या वावरात वाडा पडलाय.”

अडीच महिन्यांनी सापडले. सुल्मोनाच्या स्टेशनात मालगाडीच्या डब्यात कोंबलं. डब्यात चाळीसेक माणसं, आत काळोख. त्यात निम्मे इटालियन शिपाई. जर्मनांनी शस्त्रसंधीनंतर सहा लाखांहून जास्त इटालियन सैनिकांना धरून आपल्याकडच्या कॅम्पांत नेलं. कालपर्यंतचे जर्मनांचे साथीदार, ते एका रात्रीत कैदी. बाहेरच्या कंदिलाचा उजेड फटीतून आत आला तेव्हा आजोबांना समोरचा चेहरा दिसला. तोच होता, सलगमवाला.

इथे मामा थांबले. पाणी प्यायले.

“बाबांनी काय केलं?”

“काही नाही. म्हणाले, तो रडत व्हता.”

डब्याच्या तळाची एक फळी ढिली होती. आजोबांकडे जेवणाचा पत्र्याचा डबा होता, त्याचं झाकण वाकवून ते फळीखाली सारलं. तो इटालियन समोरून ओढत होता. मामांनी दोन्ही हात जमिनीशी नेऊन दाखवलं, एक ढकलतोय आणि एक ओढतोय, बोटांची नखं निघालेली. गाडी गावाबाहेर चढावर हळू झाली. तो त्याच भागातला, रेल्वेचा प्रत्येक चढ ओळखत होता. त्यानं खूण केली तेव्हा फळीतून आधी आजोबा पडले, मग तो. आणखी कितीजण निघाले ते आजोबांना कधीच कळलं नाही.

तिथून चालणं सुरू झालं. डिसेंबर, डोंगर पांढरे. पुढे कुठेतरी, नद्यांच्या पलीकडे, आपली फौज आहे एवढंच माहीत. त्याच सुमाराला सांग्रो नदीवर आठवी इंडियन डिव्हिजन लढत होती, आणि तिच्यात मराठ्यांची पहिली बटालियन. आजोबांना ते नंतर कळलं. पुढे त्याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या, 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर जखमींना भूसुरुंगांतून उचलून आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे त्याआधी 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात पडले, त्यांचा पुतळा माणगावला आहे. या माणसांचे पुतळे झाले, व्हायलाच हवे होते. कैद झालेल्यांच्या वाट्याला मात्र गप्प बसणं आलं. टोब्रुकला हत्यार खाली ठेवायचा हुकूम शिपायांनी दिला नव्हता. पण गावात कुणी विचारलं की आजोबा मान खाली घालायचे, असं आई सांगायची. मला त्याचा आजही राग येतो.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दिवसा मेंढ्यांच्या रिकाम्या वाड्यात लपायचे, रात्री चालायचे. “बाबा त्याला पावणा म्हणायचे. नाव सांगितलंच नाही कधी. म्हणायचे, पावण्याच्या मुलखात आपण, आन्‌ पावणा त्यो.” खिंडीपर्यंत दोघं बरोबर होते. खिंडीच्या पुढे आजोबा एकटे. मामांना त्यापुढचं माहीत नाही, कारण आजोबा त्या ठिकाणी एवढंच म्हणाले, “तिथं बर्फ लई व्हता,” आणि पुढच्या गावावर गेले. पंधरा वर्षांच्या मुलानं बापाला मधे टोकलं नाही. मामा म्हणाले, “आता वाटतं विचारायला हवं होतं.”

मग कुलूप तोडलं.

आत एक लोकरी कांबळं, कसर लागलेलं. पदकं तीन, काळी पडलेली. डिस्चार्जचं पुस्तक. आजीची एक चोळी, ती तिथे कशी आली कुणास ठाऊक. आणि तंबाखूची चंची, जाड खादीची, तोंडाशी दोरी. दोरीची गाठ सुटेना, सईनं दातांनी सोडवली. आतून पुठ्ठ्याचा एक तुकडा निघाला.

तळहाताएवढा. खोक्याचा फाडलेला, एका कडेला लाल शाईचा पुसट पट्टा, रेडक्रॉसच्या खोक्याचा असावा. घामानं मऊ झालेला, चामड्यासारखा. मधे घडीची एक रेघ, तिथे पुठ्ठा इतका झिजलेला की आरपार उजेड दिसतो. त्यावर पेन्सिलीनं सहा ओळी, इंग्रजी लिपीत, एकाखाली एक, तिरप्या वळणाच्या. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर मोठं काढलेलं. पेन्सिल दाबून लिहिलंय, मागच्या बाजूनं बोट फिरवलं की अक्षरं लागतात. तिसरी ओळ पुसट, बोटाखाली सतत घासल्यासारखी.

मी पहिली ओळ वाचली आणि माझ्या अंगावर काटा आला. सुल्मोना. दुसरी, काम्पो दी जोव्हे. मामा दरवाज्याला टेकून उभे होते. मी वाचत गेले. चौथी पालेना, पाचवी तारांता, सहावी कासोली.

“ही तर आपली मोजणी,” सई म्हणाली.

मामा म्हणाले, “आम्हाला वाटायचं ही त्यांच्या सोबतच्या कैद्यांची नावं. पालेना आणि तारांता बायकांची असतील म्हणून आई चिडवायची त्यांना. ते नुसते हसायचे.”

परत निघेपर्यंत अंधार पडला. कांद्याच्या वावरातला वाडा तिथेच होता, शेकोटी पेटलेली.

सोमवार

रात्री झोप लागली नाही. मामीच्या स्वयंपाकघरात बसून फोनवर नकाशा उघडला आणि पुठ्ठ्यावरचं पहिलं नाव जसंच्या तसं टाकलं. सुल्मोना सापडलं. दुसरं टाकलं, ते तिथून आग्नेयेला, डोंगराच्या पायथ्याशी. पालेना डोंगराच्या पलीकडच्या उतरणीवर. तारांता त्याच्या खाली, आव्हेन्तिनो नदीच्या काठानं. कासोली त्याच्याही पुढे. पाचही गावं एका माळेत बसली. माणसं नव्हतीच ती. वाट होती.

आणि ही वाट तिकडे आजही लोकांना माहीत आहे. ‘स्वातंत्र्याची वाट’ या अर्थाचं नाव तिला आहे आणि दरवर्षी वसंतात लोक सुल्मोनाहून कासोलीपर्यंत तीन दिवस पायी चालतात, आपण निवृत्तिनाथांच्या पौषवारीला त्र्यंबकला चालतो तसे. डिसेंबर 1943 मध्ये कासोली दोस्तांच्या ताब्यात आलेलं होतं. मायेल्ला डोंगराच्या अलीकडे जर्मन, पलीकडे दोस्त. पळालेले ब्रिटिश, हिंदी, दक्षिण आफ्रिकी कैदी आणि जर्मनांना नको असलेले इटालियन शिपाई त्या हिवाळ्यात एकत्र हा डोंगर ओलांडत होते, वाटाडे स्थानिक धनगर. पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झालेले कार्लो अझेलियो चाम्पी तेव्हा तरुण लष्करी अधिकारी होते, तेही मार्च 1944 मध्ये याच डोंगरावरून पलीकडे गेले. म्हणजे आमच्या पाहुण्यासारखे कितीतरी.

तिसरी ओळ मी शेवटी वाचली. पुसट होती म्हणून फोनचा उजेड तिरपा धरावा लागला. ग्वादो दी कोच्चा. ते गावाचं नाव नाही. काम्पो दी जोव्हे आणि पालेना यांच्या मधली खिंड आहे ती, 1600 मीटरच्या वर. शुक्रवारी गाडीतून हात जोडले त्या कळसूबाईचा माथा 1646 मीटर आहे. तेवढ्या उंचीवर, बर्फात, रात्री.

पहाटे मामा उठून आले. मी त्यांना दाखवलं. ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले, मग बोटानं सुल्मोनापासून कासोलीपर्यंत एक रेघ ओढली, हळू, मधे खिंडीशी थांबून.

मला एक गोष्ट सारखी खटकत होती ती मी बोलून दाखवली. यादी खिंडीत लिहिलेली नाही. तिथे लिहिली असती तर पालेनापासून सुरू झाली असती. ती सुल्मोनापासून आहे, म्हणजे निघतानाच लिहिली. रेल्वेखालून पडल्याबरोबर, कुठल्यातरी वाड्यात बसून, पाहुण्यानं सगळी वाट एका पुठ्ठ्यावर काढून दिली, आजोबांना ती वाचता येत नसतानाही. रस्त्यात कुणाला दाखवली तर पुढचा हात करेल. आपण सोबत नसू हे त्यानं पहिल्या रात्रीच धरलं होतं.

“बाबांनीपण त्याला चिठ्ठी दिली होती,” मामा म्हणाले. “मराठीत. या माणसानं मला मदत केली, खाली सही आणि नंबर.” अशा चिठ्ठ्या हजारोंनी लिहिल्या गेल्या. युद्ध संपल्यावर त्या बघून मदत करणाऱ्या इटालियन घरांना भरपाई द्यायला दोस्तांनी खास आयोग नेमला होता. आजोबांची बाळबोध अक्षरांतली चिठ्ठी कुणाच्या खिशात राहिली, कुणी ती आयोगापुढे ठेवली की नाही, ती वाचायला तिथे मराठी माणूस होता की नाही, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. खिंडीतून ती खाली उतरली की नाही, हेही.

दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. मामांनी पुठ्ठा मला द्यायचा म्हणून पुढे केला, मी परत त्यांच्या चंचीत घातला. तो नाशिकलाच राहू दे. मी फोटो काढून घेतलाय, दोन्ही बाजूंचा.

निघताना अंगणात सई शेजारच्या मुलांना रांगेत उभं करून राज्य ठरवत होती. सुलमोना, छातीला बोट. काम्पोजोवे, पुढच्या छातीला. मग तिनं दोन्ही हात उचलून टाळी वाजवली, आणि मामा, जे पायरीवर बसून माझ्या पिशवीची चेन लावत होते, त्यांचा हात चेनवरच थांबला. मीही थांबले. लहानपणापासून हजारदा वाजवलेली टाळी. मामांनी मला विचारलं नाही, मी त्यांना सांगितलं नाही. ते हळूच म्हणाले, “बाबा टाळी नाही वाजवायचे गं. तिथं ते नुसते थांबायचे. टाळी आम्ही पोरांनी घातली, ती जागा रिकामी राहायची म्हणून.”

पालेना, तारांता, कासोली. एक बारका मुलगा सुटला आणि गोठ्यामागे पळाला.

गाडी देवळालीहून वेळेवर सुटली.